टोकियोत कोळशावरची चांगली याकितोरी देणारी इझाकाया कशी शोधायची?

तोझाई_लाईन
नमस्कार मंडळी, खाण्याचा प्रश्न आहे आणि जरा घाईचा आहे. पुढच्या महिन्यात दादा, वहिनी आणि पुतण्या टोकियोला येतायत, राहणार माझ्याकडेच निशी-कासाईला. दादाचं आधीपासून एकच म्हणणं, बाकी काय दाखवायचं ते दाखव पण एका संध्याकाळी मला खऱ्याखुऱ्या इझाकायात (पिण्याखाण्याच्या जपानी दुकानात) बसून कोळशावरची याकितोरी (काडीला लावून भाजलेली कोंबडी) खायचीये. त्याला चिकनमधलं सगळं चालतं, कलेजी-पेठा तर जीव की प्राण, पण बीफ आणि पोर्क अजिबात नाही. वहिनी शाकाहारी, अंडं खाते. पुतण्या नऊ वर्षांचा, चिकन खातो.

मी ऑफिसच्या लोकांबरोबर इझाकायात जातो पण तेव्हा बुकिंगपासून ऑर्डरपर्यंत सगळं तेच बघतात, त्यामुळे स्वतः शोधायची वेळ आली नाही. आता शोधायला बसलो तर रेटिंगचं गणितच लागत नाहीये, एकच दुकान गूगलवर ४.२ आणि ताबेलोगवर (जपानी लोकांची रेटिंगची साइट) ३.१, कोणावर विश्वास ठेवायचा? शिंजुकुच्या ओमोइदे योकोचोत चक्कर मारून आलो. वातावरण जबरदस्त, लाल कंदील, धूर, सगळं आहे, पण एवढ्याशा काउंटरवर आम्ही चौघं सलग बसणं कठीण दिसलं आणि बऱ्याच दुकानांत कोंबडी कुठली आणि डुक्कर कुठलं ते मेन्यूवरून समजेना.

बजेट मोठ्या माणसाला चार हजार येनच्या आसपास. दुकानाचं नाव सांगाल तर उत्तमच पण त्यापेक्षा बाहेरून बघून चांगलं दुकान ओळखायचं कसं ते सांगा, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल.

इनोकाशिरा
रेटिंग नंतर बघा, आधी भट्टी बघा. मी इतकी वर्षं चुओ लाईनवर राहतोय आणि मला पटलेली एकच खूण म्हणजे भाजणारा माणूस आणि त्याची भट्टी बाहेरून किंवा दारातून दिसली पाहिजे. जिथे भट्टी आत किचनमध्ये लपवलेली असते तिथे याकितोरी वाईटच असेल असं नाही पण तिथे ती मेन्यूवरच्या पन्नास पदार्थांपैकी एक असते.

आता भट्टीत काय बघायचं. लांबट अरुंद पेटी असते, तिच्यावर जाळी नसते, पुढे आणि मागे नुसते लोखंडी दांडे, काडीची दोन टोकं त्यांच्यावर टेकतात आणि मांस अधांतरी निखाऱ्यावर राहतं, कशाला चिकटत नाही. खाली बिनचोतान कोळसा असेल तर तो लाल-पांढरा धगधगतो पण ज्वाळा फारशा नाहीत आणि स्वतःचा धूर जवळजवळ नाही. जो धूर दिसतो तो चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून उठतो आणि तोच परत मांसाला लागतो, सगळी चव तिथे आहे. हा कोळसा ओकच्या कठीण लाकडाचा, वाकायामाकडचा सगळ्यात नावाजलेला, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टणत्कार येतो. दारावर किंवा मेन्यूवर 備長炭 अशी अक्षरं बघा, दुकानदार अभिमानाने लिहितात कारण हा कोळसा महाग असतो.

मग पाच मिनिटं त्या माणसाचे हात बघा, खरंच बाहेर उभं राहून बघा. चांगला माणूस भट्टीसमोरून हलत नाही. एका हाताने काड्या फिरवत असतो, एकेक काडी वेगळ्या वेळी, दुसऱ्या हातात पंखा, जिथे जाळ कमी पडतो तिथे वारा घालतो, जिथे चरबी पेटते तिथली काडी उचलून बाजूला. कातडीची काडी कडेला निवांत बसलेली असते कारण तिची चरबी हळूहळू गळायला वेळ लागतो आणि कलेजी मात्र झटकन उचलली जाते. या धंद्यातले लोक म्हणतात की काडीला मांस लावायला शिकण्यात तीन वर्षं जातात आणि भाजणं आयुष्यभर शिकायचं असतं, आणि पाच मिनिटं बघितलं की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. जिथे दहा काड्या एकदम टाकून एकदम उलटतात तिथून पुढे चालायला लागा.

जागा म्हणाल तर तुमच्या लाईनवरच सगळं आहे हो! मिताकाला जाणारी तोझाई पकडली की नाकानो, कोएंजी, आसागाया, किचिजोजी सगळं एका गाडीत, शिंजुकुला उतरायची गरजच नाही. कोएंजीत स्टेशनच्या आजूबाजूला आणि रुळांखाली ढिगाने दुकानं आहेत आणि ती रोजच्या गिऱ्हाइकांवर चालतात, टुरिस्टवर नाही. घराजवळ हवं असेल तर मोन्झेन-नाकाचो, जुनी पिण्याखाण्याची वस्ती आहे. किचिजोजीला इनोकाशिरा पार्कच्या तोंडाशी इसेया आहे, १९२८ पासूनचं दुकान, स्वस्त, दुपारपासून धूर चालू, मोठं असल्यामुळे चौघांना जागा मिळते. पण लक्षात घ्या, तिथे डुकराच्या काड्याही असतात, त्यामुळे तुमच्या दादासाठी जरा जपूनच.

सौ_एदोगावा
पोर्कचं मीच सांगणार होते. जुन्या स्वस्त दुकानांत बोर्डावर याकितोरी लिहिलेलं असलं तरी निम्म्या काड्या डुकराच्या असू शकतात, आणि साइतामातल्या हिगाशी-मात्सुयामात किंवा होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये तर याकितोरी म्हटलं की डुक्करच देतात. सोपी खूण सांगते, मेन्यूवर तान (जीभ), काशिरा (डोक्याचं मांस), शिरो (आतडी) दिसले की ते दुकान डुक्करही भाजतं. आणि अशा ठिकाणी नुसतं रेबा (कलेजी) किंवा हात्सु (हृदय) मागितलं तर तेही डुकराचं येऊ शकतं म्हणून विचारूनच घ्यायचं, "तोरी देस का?" (कोंबडीच ना?) एवढं पुरतं. दुकानाच्या पाटीवर याकितोन (भाजलेलं डुक्कर) असेल तर आतच जाऊ नका. आणखी एक, भाज्यांच्या काड्यांत टोमॅटो आणि अस्पॅरॅगस बरेचदा बेकनमध्ये गुंडाळलेले असतात, फोटोत पटकन कळत नाही.

आता वहिनी. आमच्या घरीही असंच आहे, हे सगळं खातात आणि मी शाकाहारी, त्यामुळे मनापासून सांगते, याकितोरीच्या दुकानात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही पण ऑर्डर डोळे उघडे ठेवून करावी लागते. शिइताके मशरूम, शिशितो मिरच्या (तिखट नसतात, एखादीच निघते), कांदा-पातीच्या काड्या, पानगळीच्या दिवसांत गिन्नान, हे सगळं मिठावर मागायचं, म्हणजे "शिओ दे". तारे सॉसमध्ये घेऊच नका कारण भाजलेल्या चिकनच्या काड्या त्याच भांड्यात बुडवतात, दिवसभर. एदामामे (हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), कोबी, याकी-ओनिगिरी (भाजलेला भाताचा गोळा) चालतं, ओनिगिरीच्या आत काही भरलंय का ते मात्र विचारा. थंड तोफू आणि भाजलेलं वांगं दिसायला शाकाहारी पण वरून कात्सुओबुशी म्हणजे माशाच्या पातळ चकत्या भुरभुरतात, तेव्हा "कात्सुओबुशी नाशी दे ओनेगाइशिमास" म्हणायचं, वांग्यावर सॉसही ओततात तो नको म्हणायचा कारण त्यात बहुतेक दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. दाशिमाकी म्हणजे अंड्याची गुंडाळी, पण त्यातही दाशी. पोटॅटो सॅलडमध्ये हॅम. आणि भट्टी एकच असते, भाज्या चिकनशेजारीच भाजल्या जातात, हे वहिनींना घरूनच सांगून ठेवा. काहींना ते चालत नाही आणि ते तिथे टेबलावर बसल्यावर कळलं तर सगळ्यांचीच संध्याकाळ जाते.

पुतण्याबद्दल महत्त्वाचं. एप्रिल २०२० पासून रेस्टॉरंटमध्ये आत सिगारेट बंद आहे पण काही छोट्या जुन्या दुकानांना सूट आहे, टोकियोत तर नोकर न ठेवता मालक आणि घरचेच लोक चालवतात अशांनाच. तिथे दारावर स्मोकिंग चालतं असं स्टिकर असतं आणि तसं असेल तर वीस वर्षांखालच्या कुणालाच आत घेता येत नाही, मोठ्यांबरोबर असला तरी. काउंटरवाली मस्त दिसणारी छोटी दुकानं बरेचदा नेमकी यातच येतात, म्हणून आत शिरायच्या आधी दार वाचा. संध्याकाळी पाचला दुकान उघडतानाच जा, तेव्हा मुलांकडे कुणी वळून बघत नाही, आठनंतर मात्र अवघडल्यासारखं होतं.

ओसाका_रिटर्न
इनोकाशिरांचं सगळं मान्य पण मूल आणि शाकाहारी माणूस बरोबर असताना मी सरळ तोरिकिझोकुला नेईन. चेन आहे म्हणून नाक मुरडू नका. सगळं एका भावात, बहुतेक प्लेटमध्ये दोन मोठ्या काड्या, कोबी परत परत भरून देतात, टॅबलेटवर इंग्लिश मेन्यू, बिलाची धास्ती नाही. मी ओसाकात होतो तेव्हा आमचा अर्धा ग्रुप तिथेच जमायचा, कंपनी मूळची तिकडचीच. चिकन जपानीच वापरतात आणि काड्या दुकानातच लावतात.

इनोकाशिरा
@ओसाका_रिटर्न नाक अजिबात मुरडत नाही, मुलांना घेऊन आम्हीही जातो. पण त्यांचा प्रश्न परत वाचा, दादाला कोळशावरची खायचीये. मोठ्या चेनमध्ये बहुतेक ठिकाणी गॅस किंवा इलेक्ट्रिक ग्रिल असतं, मांस नीट शिजतं, पण निखाऱ्यावर कातडी बाहेरून काचेसारखी कुरकुरीत होते आणि आतून ओलसर राहते ते तिथे होत नाही. एवढ्या लांबून माणूस येतोय, एक संध्याकाळ तरी खरी भट्टी दाखवायला हवी. दुसऱ्या दिवशी जा की तोरिकिझोकुला.

तोझाई_लाईन
सगळ्यांचे खूप आभार, सिगारेटचं आणि वयाचं तर मला माहीतच नव्हतं, हे फार कामाचं निघालं. अजून दोन गोष्टी. न मागता येणारी ती छोटी वाटी आणि बिलात तिचे पैसे, ते दादाला कसं समजावू, ती परत करता येते का? आणि एका दुकानाच्या मेन्यूवर कच्चं किंवा अर्धकच्चं चिकन दिसलं, दादा उत्साहाच्या भरात मागवेल अशी भीती वाटतेय, ते खातात का खरंच?

खमंग
वाटीचं आधी. ती ओतोशी, साधारण तीनशे ते पाचशे येन माणशी, ही बसायची जागा धरल्याचे पैसे आहेत असं समजा आणि सोडून द्या. टिप द्यायची पद्धत नाही त्यामुळे हिशोब बरोबरच बसतो. काही ठिकाणी नको म्हटलं तर चालतं पण आल्यावर परत करायची नाही, बसतानाच विचारायचं. मला विचाराल तर ओतोशीवरून दुकान कळतं. फ्रीजमधून काढलेली कालची कोशिंबीर आली तर पुढचं काय ते समजावं, आणि गरम वाफाळता मुळा किंवा ताजी भाजी छोट्याशा वाटीत मन लावून वाढलेली आली की मी निर्धास्त होतो. वहिनींच्या वाटीत मासा किंवा मांस नाही ना ते विचारून घ्या, बऱ्याचदा असतं.

कच्च्या चिकनचं स्पष्ट सांगतो, नको. तोरिवासा, ताताकी, तोरिसाशी अशी नावं दिसतील, कागोशिमा-मियाझाकीकडे ती जुनी पद्धत आहे आणि चिकनसाठी देशभर बंदी नाही (बीफचं कच्चं लिव्हर २०१२ मध्ये बंद झालं, कच्चं डुक्कर २०१५ मध्ये). पण कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचा धोका खरा आहे, कोंबडी ताजी आहे म्हणून तो जात नाही, आणि सरकारी आरोग्य खातंही पूर्ण शिजवूनच खा असं सांगतं. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये पोट बिघडवून घ्यायचं कशाला. कलेजी काही ठिकाणी आतून गुलाबी ठेवतात, दादांना सांगा "योकु याइते कुदासाइ" (नीट भाजून द्या) म्हणून, मुलाच्या काड्यांनाही तेच.

आता खायचं काय, कारण ऑर्डर नीट दिली नाही तर चांगल्या दुकानातूनही माणूस साधंच जेवून येतो. सुरुवात मिठावरच्या काड्यांनी, सॉसवाल्या नंतर, कारण तारे एकदा जिभेवर बसला की मिठाची चव मागे पडते. पहिली नेगिमा, मांडीचं मांस आणि मध्ये नेगीची (जपानी लांब कांद्याची) पात, यातच दुकानाची परीक्षा होते. पात बाहेरून करपलेली आणि आतून गोड वितळणारी हवी आणि त्याच वेळी मांस रसाळ हवं, दोन्ही एकाच काडीवर साधणं सोपं नाही. मग दादांच्या आवडीचं, सुनागिमो म्हणजे पेठा, मिठावर, कुरकुरीत लागतो. रेबा म्हणजे कलेजी, ही मात्र तारेमध्येच. हात्सु म्हणजे हृदय. सेसेरी म्हणजे मान आणि बोन्जिरी म्हणजे शेपटाचा भाग, हे दोन्ही बसल्याबसल्या मागवा कारण एका कोंबडीत एकच, एका काडीला तीन-चार कोंबड्या लागतात, सातपर्यंत संपलेलं असतं. कुठे चोचिन दिसलं तर सोडू नका, कोंबडीच्या पोटातलं कवच न आलेलं पिवळं बलक काडीला लोंबत असतं, तोंडात अख्खं घेऊन फोडायचं. पुतण्याला त्सुकुने, खिम्याचे गोळे, गोडसर सॉसमध्ये, पोरांना हमखास आवडतात.

आणि काड्या काढून मांस ताटलीत सोडवून वाटून घेऊ नका, खाणारे जितके तितक्या काड्या मागवा. सोडवलेलं मांस दोन मिनिटांत गार होतं, रस ताटलीत जातो. भाजणाऱ्याने पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत विचार करून लावलेलं असतं, ते तसंच काडीवरून खावं. रिकाम्या काड्यांसाठी टेबलावर उभा डबा असतो.

शिंबाशी_साडेसहा
छान धागा. मी फक्त दोन गोष्टी टाकतो.

शिंजुकु काबुकिचो किंवा कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर रस्त्यात मेन्यू दाखवत कुणी "याकितोरी? इझाकाया?" म्हणत आला तर थांबायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. माझ्या एका मित्राला असंच नेलं, आम्ही त्या मोठ्या दुकानाचेच आहोत, तिकडे फुल झालंय म्हणून दुसरी ब्रँच, असं सांगून. वरच्या मजल्यावरची खोली, गार काड्या, आणि बिलात कसले कसले चार्ज, वीकेंडचा वेगळा, सीटचा वेगळा. असं गिऱ्हाईक ओढणं तिथे नियमाने बंद आहे, रस्त्यावर स्पीकरवरून सतत सांगतात, तरी चालतं. चांगल्या याकितोरीवाल्याला रस्त्यात माणूस उभा करावा लागत नाही, त्याचा धूरच ते काम करतो.

दुसरं रेटिंग. ताबेलोगवर लोक मार्क हात राखून देतात, ३.५ म्हणजे फारच चांगलं, आणि ३.१-३.२ ची गल्लीतली कितीतरी दुकानं उत्तम असतात. गूगलचा आकडा टुरिस्ट जास्त जातात तिथे फुगतो. आकड्यापेक्षा फोटो बघा, काउंटर आणि भट्टीचे फोटो आहेत का, जपानी लोकांनी टाकलेत का, कुठल्या काड्यांचे आहेत. ताबेलोगची याकितोरीची ह्याकुमेइतेन (शंभर नावाजलेली दुकानं) नावाची यादी असते, पण त्यातली बरीच तुमच्या बजेटच्या वर जातील आणि मुलांना घेत नाहीत. गिंझातलं बर्डलँड किंवा मेगुरोचं तोरिशिकी ही नावं वाचनात येतीलच, दोन्हीकडे दर्जा फार वरचा, पण ते दादा-वहिनींना मुलासकट न्यायचं ठिकाण नव्हे, तुम्ही आणि दादा दोघंच कधीतरी खूप आधी बुकिंग करून जा.

तोझाई_लाईन
ठरलं मग. या शनिवारी मी एकटाच कोएंजी आणि मोन्झेन-नाकाचो दोन्हीकडे चक्कर मारतो, भट्टी बघतो, दारावरचं स्टिकर बघतो, आवडेल तिथे दोन काड्या खाऊन तिथल्या तिथे चौघांचं बुकिंग करतो. जपानी बोलण्यापुरतं येतं. बुकिंग करताना काय काय सांगून ठेवू?

सौ_एदोगावा
अगदी बरोबर, स्वतः जाऊन सांगितलेलं केव्हाही चांगलं. चार जण, त्यातला एक नऊ वर्षांचा, चालेल का ते पहिलं विचारा. मग एक जण मांस-मासे खात नाही, भाज्या मिठावर आणि ओतोशी वेगळी मिळेल का. एक जण पोर्क-बीफ खात नाही. हे कागदावर जपानीत लिहून द्या, म्हणजे त्या दिवशी दुसराच कुणी कामावर असला तरी अडत नाही. टेबल किती वेळ मिळेल तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी दोन तास असतात. पैसे रोख लागतील का हेही, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

इनोकाशिरा
आणि एक विनंती म्हणजे दादांना भट्टीसमोर बसवायला सांगा. चौघांना सलग काउंटर नाही मिळालं तर टेबल घ्या, पण दादांचं तोंड भट्टीकडे हवं. एप्रन-बिप्रन देत नाहीत, धुराचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो, तेव्हा वहिनींना सांगा चांगली साडी किंवा कोट त्या दिवशी नको. शनिवारी कुठलं दुकान निवडलंत ते इथे नक्की लिहा, कोएंजीचं असेल तर मलाही जायचंय.